क्रूझ परदेशातून सुटणार असेल तर मुंबईहून कसं निघायचं

क्रूझचं बुकिंग झालं की घरात जहाजाचीच चर्चा सुरू होते. बाल्कनीची केबिन घ्यायची की आतली, पोहण्याचा तलाव कितव्या मजल्यावर, रात्रीच्या जेवणाला कोणते कपडे न्यायचे. एकदा जहाजावर पाय ठेवला की पुढची काळजी घ्यायला तिथे माणसं असतात. तिथपर्यंत पोचायचं कसं आणि आदल्या रात्री झोपायचं कुठे, हे मात्र सगळं आपल्यालाच बघावं लागतं आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांची धावपळ होते ती इथेच. आम्ही दादरचे पाच जण, त्यात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, दोनदा सिंगापूरहून आणि एकदा बार्सिलोनाहून क्रूझला गेलो. त्या प्रवासांत जे कळलं ते नव्याने जाणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते.

जहाजाच्या वेळेपासून मागे मोजत या

भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या आणि सगळ्यात आधी जहाज सुटण्याची तारीख-वेळ लिहा. समजा जहाज संध्याकाळी ५ ला सुटतंय. पण ५ पर्यंत बंदरावर पोचलं की झालं, असं धरून चालू नका. प्रवाशांची पक्की यादी जहाजाला सुटण्याआधी बंदरातल्या अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते, म्हणून चेक-इन साधारण तास-दीड तास आधीच बंद होतं. शिवाय ऑनलाइन चेक-इन करताना बंदरावर येण्याची वेळ निवडावी लागते, ती बहुधा दुपारची असते. आता तिथून मागे या. त्या दिवशी सकाळी हॉटेल सोडायचं. त्याच्या आदल्या दिवशी परदेशातल्या विमानतळावर उतरायचं. त्याच्या आदल्या रात्री घर सोडायचं. त्याच्या पुरेसं आधी व्हिसा हातात हवा, आणि युरोपच्या व्हिसाच्या अर्जाला तर विमान-हॉटेलचं बुकिंगच जोडावं लागतं. असं मागे येत गेलं की कामाला कधी लागायचं ते आपोआप कळतं. सिंगापूरसाठी मी तीन महिने आधी सुरुवात करते, युरोपसाठी सहा.

विमान चुकलं तर दुसरं मिळतं. जहाज चुकलं तर ते पुढच्या बंदरात जाऊन गाठावं लागतं. तेही स्वखर्चाने, जहाज कंपनी परवानगी देईल तर, आणि त्या पुढच्या देशात विमानाने उतरण्याची कागदपत्रं जवळ असतील तर. विमान आणि क्रूझ वेगवेगळी बुक केली असतील तर विमानाच्या उशिराशी जहाज कंपनीचा काही संबंध नसतो. तेव्हा माझा एक पक्का नियम आहे, जहाज सुटण्याच्या दिवशी पोचणारं विमान घ्यायचं नाही. कितीही स्वस्त असलं तरी नाही. किमान एक मुक्काम आधी. वाटेत विमान बदलायचं असेल, किंवा जून ते सप्टेंबरमध्ये मुंबईहून निघायचं असेल, तर दोन. २६ जुलै २००५ ला आपला विमानतळ बंद पडला होता, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. तेवढा पाऊस रोज होत नाही, पण जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी अंधेरीचा सबवे पाण्याखाली जातो आणि विमानं तासन्‌तास उशिरा सुटतात, हे दरवर्षीचं आहे.

बंदर नेमकं कुठे आहे?

जाहिरातीत लिहिलेलं शहर आणि जहाज उभं असलेलं बंदर यांत बरंच अंतर असू शकतं. ‘रोम’ म्हणून विकली जाणारी क्रूझ चिवितावेक्कियाहून सुटते, रोमच्या मुख्य तेर्मिनी स्टेशनपासून ट्रेनने साधारण तासाभरावर. ‘लंडन’ म्हणजे बहुतेकदा साउथहॅम्प्टन, लंडनपासून शंभराहून जास्त किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, थेट समुद्रकिनाऱ्यावरचं. ‘अथेन्स’च्या बाबतीत मात्र पिरिअस जवळ आहे आणि विमानतळावरून तिथवर मेट्रो जाते. तेव्हा हॉटेल बघण्याआधी बुकिंगच्या कागदावर बंदराचं आणि टर्मिनलचं पूर्ण नाव शोधा, आणि ते नकाशात टाकून विमानतळापासूनचं अंतर बघा.

सिंगापूर एवढंसं, पण तिथेही दोन क्रूझ टर्मिनल्स आहेत आणि नावं सहज गोंधळ होईल अशी. ‘मरीना बे क्रूझ सेंटर’ २०१२ मध्ये सुरू झालं, मोठी जहाजं तिथे लागतात. ‘सिंगापूर क्रूझ सेंटर’ हार्बरफ्रंटला आहे, व्हिवोसिटी मॉलला लागून. तिथे सेंतोसा बेटावर जाणारी केबल कार वरून जाते, तारांची आडकाठी होते, म्हणून फार उंच जहाजं त्या बाजूला जात नाहीत. नुसतं ‘क्रूझ सेंटर’ म्हणून टॅक्सीत बसलात तर चुकीच्या ठिकाणी उतराल. टर्मिनलचं नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून घरातल्या प्रत्येकाच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा.

पासपोर्टवरचं नाव, मग व्हिसा

आपल्याकडे नावाची भानगड जरा जास्तच असते. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र ‘गिव्हन नेम’मध्ये, आडनाव वेगळं. आधारवर लग्नानंतरचं नाव, बँकेत माहेरचं. विमानाचं तिकीट, क्रूझचं बुकिंग आणि व्हिसाचा अर्ज या तिन्हींवर पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, नाव हवं. पैसे भरायच्या आधी पासपोर्ट समोर उघडा ठेवून हे तपासा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी आणि कोरी पानं असावीत.

व्हिसाच्या बाबतीत क्रूझचा प्रवास साध्या सहलीपेक्षा वेगळा असतो, आणि इथे मी थोडी थांबणार आहे. सिंगापूरहून जहाज निघालं की तुम्ही सिंगापूर सोडलं. तीन-चार दिवसांनी पेनांग-फुकेट करून परत आलात की तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश करता. म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा, म्हणजे मल्टिपल एंट्री हवा. भारतीयांचा अर्ज अधिकृत व्हिसा एजंटामार्फत जातो. त्याला ‘क्रूझ आहे, परत सिंगापूरलाच उतरणार’ हे स्पष्ट सांगा आणि व्हिसा हातात आला की प्रवेश किती ते स्वतः वाचा. त्याखेरीज एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात प्रवेशासाठीचा फॉर्म, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे. जहाजातून परत येताना पुन्हा प्रवेश होतो, म्हणून ते पुन्हा भरावं लागतं. वाटेतल्या देशांचीही अशीच कार्डं असतात. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून आलं आहे, मलेशियाचंही आहे. क्रूझच्या प्रवाशांसाठी ती जहाज कंपनी भरते की आपण भरायची, हे लेखी विचारून घ्या. कुठल्याही बंदराचा व्हिसा कमी पडला तर चेक-इनलाच अडवतात, आणि तिथे कोणाची रदबदली चालत नाही.

युरोपात प्रश्न वेगळा. तिथल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा चालतो, तो शेंगेन. त्याचा अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे जास्त रात्री कुठे काढणार यावर ठरतं. रात्री सारख्याच असतील तर पहिला प्रवेश कुठे ते बघतात. जहाज स्पेन, फ्रान्स, इटली असं फिरत असलं की मोजणी अवघड होते. आम्ही बार्सिलोनाला आधी दोन आणि नंतर एक मुक्काम घेतला, त्यामुळे स्पेनचं पारडं सरळ जड झालं आणि अर्ज कुठे करायचा हा घोळ उरला नाही. क्रूझआधीचं हॉटेल अशा प्रकारेही उपयोगी पडतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण मे महिन्याच्या सुट्टीसाठी मुंबईत अर्ज केंद्राची वेळ मिळणंच कठीण जातं, तेव्हा १५ दिवसांवर विसंबू नका. मोठ्यांसाठी फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. जहाज मध्येच शेंगेनबाहेर जात असेल तर इथेही मल्टिपल एंट्री हवी. पिरिअसहून निघणारी ग्रीक बेटांची बरीच जहाजं तुर्कस्तानातल्या कुशादासीला थांबतात, ते याचं नेहमीचं उदाहरण. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आलं आहे. आणखी एक गोष्ट. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे विमान बदलताना मध्ये तीन तास तरी ठेवा.

व्हिसा येईपर्यंत हॉटेल फुकट रद्द करता येईल असंच घ्या, शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

विमानाचं तिकीट आणि मध्यरात्रीची तारीख

मुंबईहून बाहेर जाणारी बरीच विमानं रात्री उशिरा निघतात, आणि यात भलेभले चुकतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ००:४०’ असं असेल तर घरातून निघायचं ते १४ तारखेच्या रात्री, जेवण आटोपून. आमच्या शेजारच्या इमारतीतलं एक कुटुंब १५ च्या संध्याकाळी बॅगा भरत बसलं होतं, तेव्हा त्यांचं विमान कधीच जाऊन पोचलं होतं. कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहू नका, घराचं कुलूप लावायची तारीख आणि वेळ लिहा.

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि विमानाला साधारण साडेपाच तास लागतात, म्हणजे ००:४० चं विमान तिथे सकाळी पावणेनऊच्या सुमारास उतरतं. जहाज १६ चं असेल तर १५ चा मुक्काम मिळतो, आणि विमान चार-सहा तास लांबलं तरी जीव टांगणीला लागत नाही. एका थांब्याचा प्रवास असेल तर दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं उशिरा पोचून दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण चुकलेल्या विमानाचे पैसे तुमचे जातात.

विमानतळाचं नावही वाचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, आणि नागपूरहून किंवा कोल्हापूरहून येऊन पुढे परदेशी जाणाऱ्यांनी दोन्ही विमानं एकाच विमानतळावरची आहेत ना हे बघायलाच हवं. दादर-गिरगावकडच्या मंडळींना आता मेट्रो ३ थेट टी२ ला नेते, पावसाळ्यात तिचा फार आधार आहे. रात्री ती लवकर बंद होते, पण आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोचायचं असल्याने मध्यरात्रीच्या विमानाला जाताना ती मिळते.

आदल्या रात्रीचं हॉटेल

पहिल्या वेळी आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. सकाळी साडेदहाला आम्ही हॉटेलात पोचलो आणि काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, खोली तीन वाजता मिळेल. रात्रभर कोणाचा डोळा लागलेला नव्हता. सासूबाई लॉबीतल्या खुर्चीच्या कडेला बसल्या, विमानात सुजलेल्या पावलांवरून सँडलचा पट्टा त्यांनी काढून ठेवला आणि म्हणाल्या, “तुम्ही जा गं फिरून, मी बसते सामानापाशी.” साडेचार तास. मला अजून त्या पट्ट्याचा पावलावर उमटलेला वळ दिसतो.

तेव्हापासून बरोबर वयस्कर माणसं किंवा लहान मूल असेल तर मी खोली आदल्या रात्रीपासून घेते. म्हणजे विमान १५ च्या सकाळी उतरत असलं तरी बुकिंग १४ पासून. एका रात्रीचे पैसे जास्त जातात, पण उतरल्या उतरल्या आंघोळ आणि झोप मिळते. यात एक खबरदारी घ्यायची. हॉटेलला ईमेल करून ‘आम्ही १५ ला सकाळी येणार आहोत’ हे कळवायचं आणि त्यांचं उत्तर छापून जवळ ठेवायचं, नाहीतर १४ च्या रात्री आला नाहीत म्हणून ते पूर्ण बुकिंगच रद्द करतात. तेवढा खर्च नको असेल तर लवकर खोली मिळण्याचे वेगळे पैसे किती ते विचारा. तरुण मंडळी असतील तर सामान हॉटेलात ठेवून फिरायला निघावं, ते बहुतेक ठिकाणी ठेवून घेतात.

हॉटेल विमानतळाजवळ, शहरात की बंदराजवळ? उशिरा रात्री उतरून दुसऱ्या दुपारी जहाज असेल तर विमानतळाजवळ. पूर्ण दिवस हाताशी असेल तर शहरात, पण बंदराकडे सरळ गाडी जाईल अशा जागी. रोम-चिवितावेक्कियासारखं लांबचं बंदर असेल तर माझं मत शेवटची रात्र बंदराच्या गावात काढावी असंच आहे. त्या दिवशी ट्रेनचा संप झाला तरी तुम्ही चालत जहाजापर्यंत जाल.

सिंगापुरात मी लिटल इंडिया किंवा फॅरर पार्कच्या बाजूला राहते. शाकाहारी जेवणाची चिंता नाही, सेरंगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास आहे, सकाळी इडली-डोसा आणि कडक कॉफी मिळते. आणि मेट्रोची सोय छान आहे. जांभळ्या नॉर्थ ईस्ट लाइनवर बसलं की न बदलता हार्बरफ्रंट. मरीना बे क्रूझ सेंटरला जायचं तर धोबी घाट स्टेशनवर उतरून लाल नॉर्थ साउथ लाइन पकडायची आणि शेवटच्या मरीना साउथ पिअरपर्यंत जायचं. हो, स्टेशनचं नावच धोबी घाट. कधीकाळी तिथे खरोखर भारतातून गेलेले धोबी कपडे धूत, त्याच्यावरून ते पडलं. पाटी दिसली की आपल्या महालक्ष्मीची आठवण येते. पाच जण आणि पाच मोठ्या बॅगा असतील तर मात्र मेट्रोचा हट्ट नको, सहा आसनी गाडी बोलवा.

बार्सिलोनाला कोलंबसच्या पुतळ्याच्या आसपासची हॉटेलं सोयीची. बहुतेक मोठी जहाजं मोल अदोसात या धक्क्यावर लागतात आणि पुतळ्यापासून तिथे बस जाते. त्याच भागातल्या ला रांब्लावर पाकीटमार फार आहेत, पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या पाकिटातच ठेवा.

पैसे आणि विमा

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशातला वापर सुरू करा. तो मुळात बंद असतो, आणि हॉटेलच्या काउंटरवर अनामत रक्कम अडवून ठेवायला कार्ड मागतात तेव्हा पंचाईत होते. टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत तर कंपनी पॅकेजच्या पैशांबरोबर टीसीएस हा आगाऊ आयकरही घेते. तो आयकर विवरणपत्रात जमा धरता येतो, पावती सांभाळा. विमा घेताना क्रूझ त्यात धरली आहे का, जहाज चुकल्यास काय मिळतं आणि जहाजावरून हॉस्पिटलात हलवण्याचा खर्च मिळतो का, हे तीन प्रश्न विचाराच. जहाजावरचा डॉक्टर डॉलरमध्ये बिल लावतो.

बॅग भरताना

दुसऱ्या सिंगापूर प्रवासाच्या आधी दिवाळी नुकतीच झाली होती. सासूबाईंनी अनारशांचा डबा भरला. खसखशीवर थापलेले, ती बाजू वर ठेवून तुपात तळलेले, छान जाळी पडलेली. मी डबा बाहेर काढला तेव्हा त्यांना वाईट वाटलं. “आई, खसखस चालत नाही हो तिकडे.” “अगं, वर चिकटलेली तर आहे नुसती, दोन असू देत.” पण सिंगापुरात खसखस परवानगीशिवाय नेता येत नाही आणि दुबई-अबुधाबीत तर तिला बंदीच आहे. त्यांच्या कायद्यात ती अफूशी जोडलेली आहे. घरच्या मसाल्यात खसखस असेल तर तोही ठेवून जा. आम्ही शंकरपाळे आणि भाजणीची चकली नेली. तीही हॉटेलातल्या मुक्कामापुरतीच, कारण घरचे पदार्थ बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत. कारखान्यातून सीलबंद आलेला कोरडा खाऊ सहसा चालतो. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच लेखी कळवायचं.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मूळ वेष्टनात. झोपेच्या काही गोळ्या आणि कोडिन असलेलं खोकल्याचं औषध यांना सिंगापुरात आधी मंजुरी लागते. व्हेप आणि च्युइंगम नको. इस्त्री, विजेची किटली आणि सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्ड जहाजावर काढून घेतात.

बंदरावर जायची सकाळ

मोठ्या बॅगा टर्मिनलच्या दारातच हमाल घेतात आणि त्या केबिनपर्यंत कधी संध्याकाळी पोचतात. म्हणून कंपनीने पाठवलेली सामानाची लेबलं मुंबईतच छापून घ्या, हॉटेलातून निघताना बॅगांना लावा. पासपोर्ट, व्हिसा, बोर्डिंग पास, दिवसभराची औषधं, चष्मा, चार्जर, मुलांचा एक कपडेजोड खांद्यावरच्या पिशवीत. एकदा एका बाईंना मी टर्मिनलवर रडताना बघितलं आहे, त्यांचा पासपोर्ट मोठ्या बॅगेत गेला होता. बॅग हमालाच्या गाडीवर चढण्याआधी घरातल्या एकाने सगळ्यांचे पासपोर्ट मोजायचे.

जहाजावर घड्याळ कोणतं चालतं ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मोबाइल किनाऱ्यावरची वेळ आपोआप पकडतो आणि जहाजाची वेळ कधीकधी तासाने वेगळी असते.

परतीचं विमान आताच बघून ठेवा. जहाज पहाटे बंदराला लागलं तरी उतरायला गटागटाने सोडतात, पुढे इमिग्रेशनची रांग असते. दुपारी १ च्या आधीचं विमान घेऊ नका. आम्ही रात्रीचं घेतो. सामान त्याच लिटल इंडियातल्या हॉटेलात दिवसभर ठेवतो, जेवतो, आणि सासूबाईंना आधीच ठरवलेल्या चार तासांच्या खोलीत आडवं व्हायला मिळतं.